टँक म्हणजे तलाव

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याअगोदर कोणी काही लिहिलेले नाही. वडील सहीच्या जागी आंगठा उठवतात, आणि तो नीट उठला नाही की पुन्हा उठवतात. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात आहे, म्हणून गावचे लोक मला शिकलेला समजतात; कॉलेजातले लोक तसे समजत नाहीत. दोघांपैकी कोणाचे खरे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्यातून माझा विषय लढाईचा. मी लढाई पाहिलेली नाही. पाहिली ती पांढऱ्या चादरीवर, जादूच्या कंदिलाच्या उजेडात, आणि तीही तेरा चित्रांत. परंतु त्या तेरांपैकी एका चित्राचा अर्थ मी लोकांना सांगितला, आणि माझ्या सांगण्यावर विसंबून माझा थोरला भाऊ परमुलखात लढाईच्या कामावर निघून गेला. तो परत येईल की नाही, हे पुढे सातआठ महिने कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून लिहितो. चुकेल ते वाचणाऱ्याने पोटात घालावे.

आम्ही बाळकुमचे. खाडीकाठी आमचे मिठागराचे काही वाफे आहेत. भरतीचे पाणी वाफ्यात घ्यायचे, उन्हात आटवायचे, खाली बसलेले मीठ ओढून ढीग करायचे, असे ते काम. त्याला दोन बापये लागतातच. मी ठाण्याच्या शाळेत जाऊ लागलो तेव्हा आमच्या घरचा एक हात कमी झाला. तो भावाने भरून काढला. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आपण काय भरून काढले ते त्याने कधी बोलून दाखवले नाही. वहिनी बोलून दाखवत असे, पण हसून.

ठाण्याच्या शाळेत आम्हांला चित्रकला शिकवणारे एक मास्तर होते. नोकरी संपल्यावर ते कल्याणला आपल्या घरी राहू लागले आणि त्यांनी जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. जादूचा कंदील म्हणजे पत्र्याची एक पेटी. आत घासलेटचा दिवा, पुढे भिंग. भिंगामागे रंगवलेली काच सरकवली की समोर टांगलेल्या ओल्या चादरीवर मोठे चित्र उमटते. चादर ओली कशाला, असे मी पहिल्या दिवशी विचारले.

"कोरडी असली की लोक चादर बघतात," मास्तर म्हणाले.

रामायणातल्या काचा मास्तरांनी स्वतः रंगवल्या होत्या. त्यांत हनुमान चांगला होता. बाकी सगळे थोडे हनुमानासारखेच दिसत. पुढे विलायतेस परत जाणाऱ्या कोणा साहेबाच्या सामानात त्यांना लढाईच्या तेरा काचांची एक लाकडी पेटी मिळाली. साहेब ज्याला इजिप्त म्हणतात त्या मिसर देशात त्याआधी दोन वर्षे जी लढाई झाली, तिची ती चित्रे. अशा पेटीबरोबर एक छापील पुस्तक असते आणि त्यात प्रत्येक चित्राची हकीकत असते. ते पुस्तक साहेबाने ठेवून घेतले की उंदरांनी, ते कळले नाही. राहिल्या होत्या त्या काचांच्या कडेला चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या. त्यांवर इंग्रजीत दोनचार शब्द.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तरांनी मला निरोप पाठवला. पट्ट्या वाचायच्या आणि खेळात चादरीशेजारी उभे राहून लोकांना हकीकत सांगायची, असे माझे काम ठरले. मास्तरांना इंग्रजी येत नसे, असे ते म्हणत. माझी समजूत अशी, की येत असे. पण चुकले तर ते दुसऱ्याचे चुकावे, अशी त्यांची इच्छा होती.

पहिल्या काचेवर आगबोटी होत्या. तिसरीवर किल्ला. त्या काचेला दोन पदर होते. वरचा पदर ओढला की किल्ल्यातून धूर निघे आणि परत ढकलला की धूर आत जाई. बायका दोन्ही वेळा सारख्याच घाबरत. सातवीवर घोडेस्वार होते आणि त्यांतल्या एका घोड्याला पाच पाय होते. ती चित्रकाराची चूक आहे असे मास्तर म्हणत, पण लोकांना तो घोडा फार आवडे आणि सरकारकडे असे घोडे किती आहेत, असे ते मला विचारत.

नववी काच मात्र निराळी होती. ती आली की बसलेले लोक उभे राहत. पांढरेफेक सपाट रान, झाड नाही, झुडूप नाही. त्यातून सरळ गेलेले आगगाडीचे रूळ. रुळांवर एक भलीमोठी लोखंडी पेटी, चहूबाजूंनी बंद, ठोकलेल्या खिळ्यांच्या ओळी दिसणारी. आणि तिच्या कडांवरून बाहेर आलेल्या बंदुकांच्या नळ्या. खिडकी नाही, दार नाही. इंजिन मागे होते. ते पेटीला पुढे ढकलत होते. पेटीसमोर काहीच नव्हते, तरी ती कशावर तरी चालून जाते आहे असे वाटे. घोडेस्वारांकडे पाहून माणसे हसत. या पेटीकडे पाहून कोणी हसत नसे.

त्या काचेची पट्टी फाटलेली होती. एकच शब्द उरला होता. टँक.

हा शब्द मला येत होता. ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठावरून जाणारे साहेब त्याला टँकच म्हणत. शाळेतल्या वहीत मी तो दहा वेळा लिहिला होता. मास्तर कंदिलाची वात कापत बसले होते, मी त्यांना सांगितले, "मास्तर, टँक म्हणजे तलाव."

मास्तरांनी काच उजेडासमोर धरली. "कुठे आहे?"

"आटला असेल."

"आटलेला तलाव. बरं. मग त्यात गाडी कशी?"

"आटल्यावर रूळ घातले असतील."

"वा," मास्तर म्हणाले. "विद्वान माणूस जवळ असला की सगळं किती सोपं होतं." हे ते खरे म्हणाले की थट्टेने, ते मला तेव्हा समजले नाही. आताही नाही.

पहिला खेळ कल्याणला एका देवळाच्या सभामंडपात झाला. नववी काच आली. मी म्हणालो, "हा मिसर देशातला तलाव. लढाईत तो आटला." पुढे बसलेले एक पेन्शनर कारकून मान हलवून शेजाऱ्याला म्हणाले, "बरोबर आहे. टँक म्हणजे तलावच. मुलगा कोणाचा म्हणायचा?"

"कॉलेजातला आहे," मास्तर म्हणाले. हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, पण त्यांनी पुन्हा विचारले नाही.

एकदा मोठ्या माणसाने मान हलवली की मग माझी भीड चेपली. दुसऱ्या खेळात तलाव आपोआप आटला नव्हता, शत्रूने फोडला होता. चौथ्या खेळात मी त्याला तीन कोस लांबी दिली. खोटे बोलतो आहे असे मला वाटत नव्हते. चित्रात पाणी नव्हते आणि पट्टीवर तलाव होता. मधली हकीकत कोणीतरी सांगायलाच हवी होती.

डोंबिवलीला खेळ केला तिथे सगळे शेतकरी. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "तलाव फोडला तर पाणी गेलं कुठं? खालच्या शेतांत गेलं असणार."

मी म्हणालो, "ते चित्रात दिसत नाही."

"मग जे दिसतंय तेवढंच सांगा," तो म्हणाला. तो बरोबर बोलला होता, हे मी पुढे कधीतरी मान्य करणार होतो.

मग मास्तर म्हणाले, आता तुझ्या गावात करू. कल्याणहून आम्ही ओहोटीबरोबर होडीतून बाळकुमला उतरलो. दिवेलागणीला गावदेवीच्या देवळापुढे दोन बांबू रोवून चादर बांधली. सगळे गाव आले. वडील पुढे बसले आणि माझ्याकडे न बघता चादरीकडे बघत राहिले. तिच्यावर अजून काही नव्हते. भाऊ मागे, गावच्या इतर जवान पोरांबरोबर उभा होता.

घोड्याच्या पाच पायांवर गावाने पुष्कळ वेळ घेतला. मग नववी काच आली. मी म्हणालो, "हा तीन कोसांचा तलाव. शत्रूने फोडला. आता कोरडा पडला आहे."

आमच्या शेजारचा एक म्हातारा उठून थेट चादरीजवळ आला आणि त्या पांढऱ्या रानावर त्याने हात फिरवला. हात ओला झाला तो धोतराला पुसला. "बाला," तो मला म्हणाला, "ह्यो तलाव खारा व्हता का रं?"

"असेल," मी म्हणालो.

"आसल काय, व्हताच. पानी आटलं ना खाली पांढरा पडला. मंग ह्या काय हाय? मीठ हाय." तो लोकांकडे वळला. "मीठ हाय रं सगला. बगा, किती कोस."

गावात एकच कल्ला झाला. जन्मभर ज्यांनी दहावीस वाफे पाहिले, त्यांनी तीन कोसांचे मिठागर प्रथमच पाहिले होते. आणि ती लोखंडी पेटी कशासाठी, हेही त्यांना लगेच उमगले. मीठ सरकारचे, त्यावर पहारा सरकारचा. आमच्याकडे मीठ खात्याचा शिपाई काठी घेऊन बांधावर फिरतो. तिकडे एवढे मीठ, म्हणून एवढा शिपाई.

"आपल्या नाक्यावर पन अशी गारी आली तं?" कोणी म्हणाले.

"तुज्या चार गोनींसाठी? तुला ती काठीच बरी."

हसणे थांबल्यावर मागून भावाचा आवाज आला. "बाला, ती टाकी आसल."

"कोणती?"

"ती गारी. पान्याची टाकी. रान सुका हाय, तं पानी न्यावाच लागल. तू टँक टँक बोलतंस, ती टाकीच आसल."

मी सर्व गावासमोर उभा होतो. पुढे वडील होते. मी म्हणालो, "टाकी हा आपला शब्द आहे. हा इंग्रजी आहे. दोन्हींचा संबंध नाही."

"टाकीतून बंदुका कशा येतील रं?" एकाने भावाला टोमणा मारला. "पानी प्याला का गोली खाल्ली?"

"त्याला शिकवू नको, तो कालेजात हाय," दुसरा म्हणाला. "तू मीठ वढ."

भाऊ हसला. मास्तरांनी दहावी काच सरकवली.

खेळ संपल्यावर तो मला कंदील उतरवायला मदत करायला आला. पत्रा तापलेला होता. त्याने तो उपरण्यात धरला. म्हणाला, "तू बोलतंस तं तलावच. पन त्या गारीत जो बसतो, त्याला बाहेरून गोली लागत नसल ना?"

"नाही," मी म्हणालो. "एवढे लोखंड आहे."

"आन काम मिठाचा."

"ते म्हातारबाबा म्हणाले."

"तू बोल ना."

"दिसते तर मीठच," मी म्हणालो.

सुट्टी संपली, मी मुंबईला गेलो. त्या वर्षी थंडी सरताना तिकडे पुन्हा लढाई उभी राहिली; मिसरच्या पलीकडे, समुद्रकाठच्या वाळवंटात. सरकारला तिथे आगगाडीचा रस्ता घालायचा होता आणि त्यासाठी इकडून मजूर न्यायचे होते. ठाण्यात दवंडी फिरली. शनिवारी मी घरी आलो तर भावाचे ठरलेले होते.

वडिलांनी मला ओटीवर बोलावले. भाऊ खांबाला टेकून बसला होता. वहिनी आत सुपाने तांदूळ पाखडत होती. सूप थांबले, म्हणजे ती ऐकत होती.

"ह्यो जातो बोलतंय," वडील म्हणाले. "त्या चित्रातल्या मुलखात. तितं मिठाचा काम हाय आन लोखंडी गारीत गोली लागत नाय, आसा तू बोललास?"

"बोललो."

"बुकात लिव्लंय?"

पुस्तक साहेबाने ठेवून घेतले होते की उंदरांनी, हे कळलेले नव्हते, हे मला त्या क्षणी आठवत होते. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "हो."

"मंग जाऊ दे," वडील म्हणाले.

नंतर मी भावाला बाजूला घेऊन विचारले, तुला कशाला जायचे आहे. तो म्हणाला, "तू मुंबय बगलीस, कालेज बगलंस. मना बगायला काय हाय? बांध." हे तो रागाने म्हणाला असता तर मला बरे वाटले असते.

गावाने त्याला वाजतगाजत धक्क्यापर्यंत पोचवले. गळ्यात हार घातला, खाडीला नारळ वाहिला. परमुलखात जाणारा बाळकुमचा तो पहिलाच. म्हाताऱ्याने त्याला बजावले, तिकडचे मीठ जाड की बारीक ते बघून ये. हे सगळे मला मागाहून समजले. मी त्या दिवशी मुंबईत होतो. लॉजिकचा तास होता आणि तो चुकवू नये असे मला वाटले.

दोनेक महिन्यांनी कॉलेजच्या वाचनालयात मी विलायती चित्रांच्या वर्तमानपत्राचे जुने बांधलेले अंक चाळत होतो. एका पानावर माझे चित्र होते. तेच पांढरे रान, तेच रूळ, तीच पेटी. खाली ओळ पूर्ण छापलेली होती, कोठेही फाटलेली नव्हती. फौजेसाठी पिण्याचे पाणी नेणारी टाकी, बरोबर पहाऱ्याचे शिपाई. चित्र बारीक छापलेले असल्याने आणखीही दिसत होते. शिपाई टाकीच्या आत नव्हतेच. ते पलीकडच्या बाजूने एका फळीवर उभे होते आणि टाकीच्या आडून नेम धरत होते. या बाजूने पाहणाऱ्याला फक्त नळ्या दिसत. पलीकडच्या बाजूने पाहणाऱ्याला, म्हणजे शत्रू तिकडे असेल तर, पूर्ण माणसे दिसली असती.

मी तो अंक परत ठेवला. ग्रंथपालांनी विचारले, "सापडले का हवे होते ते?" मी हो म्हणालो. हो म्हणण्याची मला सवय लागली होती.

पावसाळ्याच्या तोंडी बातमी आली, की सरकारने तो रस्ता अर्धवट टाकून दिला आणि माणसे परत आणली. शेजारच्या गावचे दोघे परत आले. उन्हाने काळे झाले होते, पण धड होते. वडील त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "तितं हजारों मानूस. आमी त्याला बगला नाय." बगला नाय म्हणजे तो नव्हता असे नाही, असे वडील घरी येऊन म्हणाले. तेच त्यांनी चार वेळा म्हटले. श्रावण गेला, भादवा गेला. भाऊ आला नाही.

मग माझ्याकडून जे होण्यासारखे होते ते मी केले. इंग्रजीत अर्ज लिहिला. तीन वेळा खोडून चौथ्या वेळी सुरेख अक्षरात काढला, आणि मजूर पाठवणाऱ्या सरकारी कचेरीत दिला. पुष्कळ दिवसांनी उत्तर आले. चार ओळींचे. सदर नावाचा इसम आमच्या पटावर 'नॉट बोर्न', असे त्यात होते.

बोर्न म्हणजे जन्मलेला, हे मला येत होते. पण पटावर कोणी जन्मत नाही. शिवाय शेवटी एक ई होता. कोशात पाहिले. वाहिलेला, धरलेला, सोसलेला. म्हणजे पट आता त्याला वाहत नाही. पट माणसाला केव्हा वाहीनासा होतो, हा विचार मी रात्रभर केला. सकाळपर्यंत माझ्या मनात एकच अर्थ उरला, की नाव काढून टाकले आहे. आणि ज्याचे नाव काढून टाकतात तो मनुष्य या जगात नसतो. टँकवरून शहाणपण यायला हवे होते, असे कोणी म्हणेल. पण तेव्हा चुकलो होतो म्हणून आताही चुकत असेन, एवढा धीर मला झाला नाही.

तो कागद खिशात घालून मी घरी गेलो. कोणाला दाखवला नाही.

वडिलांना घाई होती. पाऊस संपला की वाफ्यांचे बांध बांधायला घ्यावे लागतात, आणि एकट्याच्याने ते होत नाही. ते म्हणाले, "दिवालीच्या आत मना सांग. त्याची वाट बगू का वाफे दुसऱ्याला देऊ?"

"मी राहतो," मी म्हणालो.

"कवापर्यंत?"

"राहतो."

वडिलांनी माझ्या हातांकडे पाहिले. मी कॉलेजला नाव काढून घेण्याची चिठ्ठी लिहून ठेवली. ती टपालात टाकायची तेवढी राहिली होती.

पहिल्या दिवशी मी बांधलेला बांध संध्याकाळच्या भरतीने नेला. दुसऱ्या दिवशीचा अर्धा नेला. वडील म्हणाले, सुधारणा आहे. माझ्याशी ते इतके गोड कधी बोलले नव्हते, आणि त्यामुळे मला खिशातला कागद जास्तच टोचू लागला.

तिसऱ्या दिवशी वहिनी भाकरी घेऊन बांधावर आली. मी सदरा काढून मेढीला अडकवला होता. तो वाऱ्याने हलत होता.

"भावजी, कचेरीचा कागद आला का?" तिने विचारले.

"नाही आला."

"मंग खिशात काय वाजतंय?"

"कॉलेजचा आहे."

तिने तो काढला आणि उघडला. तिला वाचता येत नाही. तिने तो आडवा धरला, मग उभा धरला. "ह्यात त्याचा नाव हाय?"

खोटे सांगता आले नाही. मी बोट ठेवून दाखवले. तिने ते नाव पुष्कळ वेळ पाहिले. "एवरा लहान?" ती म्हणाली.

"इंग्रजीत लहानच येते."

"नाव हाय म्हंजे त्यांना तो म्हाईत हाय."

"हो," मी म्हणालो.

तिने कागद होता तसा घडी घालून सदऱ्यात ठेवला. "भाकर खावा," ती म्हणाली. "आन मामंजींना सांगा, वाफे देऊ नका. तो येल तवा त्याला हात रिकामं नको." मग पाटी उचलून ती बांधावरून घरी गेली. मी तिला त्या कागदातले काय सांगणार होतो ते वाक्य मी मनात तयार केले, मराठीत, आणि ते कोठूनही सुरू केले तरी पुरे होईना.

त्या संध्याकाळी मी ठरवले, की उद्या वडिलांना सांगायचे. सकाळी ते खाडीत पाय धूत होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "बाबा, एक सांगायचे आहे." ते म्हणाले, "थांब, तो कोन येतो बग."

धक्क्याकडून आमच्या गावचा तांडेल येत होता. मिठाचा पडाव घेऊन मुंबईच्या बंदरांत फिरणे हे त्याचे काम. पाऊस उतरल्यावर त्या वर्षीची त्याची ती पहिलीच खेप, आणि या वेळी नेहमीच्या धक्क्यावर जागा नसल्याने त्याला पडाव दुसऱ्या बंदरात लावावा लागला होता. तो घाईने चालत आला खरा, पण जवळ आल्यावर उगाच पडावाच्या गळतीबद्दल बोलू लागला. वडिलांनी त्याला सरळ विचारले, "काय हाय ते बोल ना."

"तुमचा थोरला भेटला," तो म्हणाला.

वडील पाण्यातच उभे राहिले.

"बंदरावर धान्याच्या गोनी वाहतंय. बरा हाय. आंगानं जरा उतरलाय. तो तिकरं गेलाच नाय, काका. बोटीवर चढवायच्या आधी गोरा डाक्तर सगल्यांना उघरा करून बगीत व्हता. ह्याचं पाय बगलं. आपलं पाय कसं आसतात, मिठानं फुटल्यालं, पांढरं. डाक्तर बोलला, ह्याला रोग हाय, ह्याला काढा. काढला. आता गावानं हार घातला, नारल वाहिला, मंग कोन्त्या तोंडानं परत यावा? तितंच रायला. आठ म्हयनं झालं."

"आठ म्हयनं," वडील म्हणाले.

मी त्या बंदराचे नाव विचारले. तांडेलाने सांगितले. माझ्या मुंबईच्या खोलीपासून ते पायी पाव तासावर होते. संध्याकाळी वारा खायला मी पुष्कळदा तिकडे गेलो होतो.

"यतो बोललाय," तांडेल म्हणाला. "दिवालीला यतो. मना बोलला, बाबांना सांग, घरात सांग. बालाला येवढ्यात सांगू नको." त्याने माझ्याकडे पाहिले आणि मग खाडीकडे पाहिले. "बोलला, त्याला कललं तं तो अर्ज करल."